हरळीच्या हिरवळीची कापणी व यंत्राची निवड

हरळी ही काळ्या जमिनीतील शेतकऱ्याची जुनी वैरीण होय. एकदा ती शेतात शिरली की कुळवाच्या पाळ्यांना दाद देत नाही. उन्हाळ्यात मजूर लावून जमीन खोल खणावी आणि तिच्या काशा वेचून काढाव्या, तेव्हा कोठे शेत मोकळे होते. तीच हरळी घराच्या अंगणात मात्र हौसेने लावली जाते. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा त्या ह्याच गवताच्या. जमिनीवर सरपटणाऱ्या व जमिनीखालून जाणाऱ्या खोडांच्या प्रत्येक पेऱ्यावर नवी मुळे व नवे फुटवे धरण्याचा तिचा जो गुण शेतात नकोसा होतो, तोच हिरवळीस उपकारक ठरतो.

इतके चिवट गवत असूनही अनेक घरांपुढील हिरवळी दोन-तीन वर्षांत विरळ पडतात. मधून मधून जमीन उघडी दिसू लागते व तेथे लव्हाळा ठाण मांडतो. मालक मग पाणी वाढवितो, खत घालतो, कधी माळी बदलतो. पुष्कळदा दोष ह्यांपैकी कशातही नसून कापणीच्या रीतीत असतो.

पाला किती काढावा

नेहमी आढळणारी चूक अशी : श्रावणात आठ-दहा दिवस पावसाची झड लागते. गवत वितभर वाढते. उघडीप मिळताच यंत्र शक्य तितके खाली उतरवून सारे गवत एकाच वेळी बोटभर उंचीवर आणले जाते. दुसऱ्या दिवशी हिरवळ पिवळट तपकिरी दिसते, कारण वाढलेल्या हरळीचा हिरवा पाला वरच्या भागात असतो व खाली नुसत्या काड्या उरतात. पाला हेच गवताचे अन्न तयार करण्याचे ठिकाण. तो नाहीसा झाला म्हणजे झाडाला साठविलेल्या अन्नावर नवी पाने काढावी लागतात आणि त्या काळात मुळे उपाशी राहतात.

मुळांवर होणारा हा परिणाम अमेरिकेच्या कृषी खात्यातील एफ. जे. क्रायडर ह्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मोजून दाखविला. गवताचा ४० टक्क्यांपर्यंत पाला काढला असता मुळांची वाढ चालू राहिली. ८० टक्के पाला एकदम काढला तेव्हा ती पूर्णपणे थांबली, आणि ९० टक्के काढला तेव्हा दोन आठवड्यांहून अधिक काळ थांबलेलीच राहिली. दर पंधरवड्याला असे खरवडून कापले जाणारे गवत पावसाळाभर हिरवे दिसेलही. परंतु त्याची मुळे वरच्या थरातच राहतात आणि फाल्गुनात ऊन तापू लागले, विहिरीचे पाणी खाली गेले, की ते प्रथम वाळते.

म्हणून एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, हा नियम धरावा. हिरवळ ३ सेंटिमीटर ठेवावयाची असेल तर गवत साडेचार सेंटिमीटर झाले की कापणी करावी. पावसाच्या झडीमुळे ते १२ सेंटिमीटर वाढले असेल तर पहिल्या कापणीत ८ वर आणावे, चार-पाच दिवसांनी साडेपाचवर, आणि त्यानंतर हळूहळू नेहमीच्या उंचीवर. ह्यात एक-दोन फेऱ्या अधिक पडतात, पण हिरवळ वाचते.

घरगुती हरळीस अडीच ते चार सेंटिमीटर उंची मानवते. उन्हाळ्यात व पाण्याची टंचाई असता ती वरच्या मर्यादेकडे ठेवावी. क्रीडांगणावरील हिरवळ ह्याहून बरीच खाली कापतात, परंतु तेथे वारंवार कापणी, खत, माती व पाणी ह्यांची वेगळी व्यवस्था असते. तिचे अनुकरण अंगणात करू नये. आंब्यासारख्या दाट झाडाच्या सावलीत हरळी विरळच राहते. तेथे उंची वाढवावी आणि तरीही गवत धरत नसेल तर ती जागा सोडून द्यावी हे बरे.

श्रावण-भाद्रपदात पाच ते सात दिवसांनी, आश्विनापासून दहा-बारा दिवसांनी, थंडी पडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी कापणी पुरते. अर्थात गवताची उंची पाहावी, पंचांग पाहू नये. ओले गवत कापू नये. ते यंत्रात गोळा होऊन अडकते, तुकडे तुकडे होऊन फाटते व मऊ जमिनीत चाकांच्या चाकोऱ्या उमटतात. कोकणात उघडीप थोडीच मिळते. तेथे दुपारची कोरडी वेळ साधावी. दर वेळी कापणीची दिशा बदलावी, म्हणजे गवत एकाच बाजूस झुकत नाही.

जुन्या हिरवळीत मृत काड्यांची जाळी साठून पाय टाकताच ती स्पंजाप्रमाणे दबते. अशी हिरवळ पावसाळ्याच्या तोंडावर मुद्दाम खरवडून, दाताळ्याने विंचरून, वर चाळलेली माती व कुजलेले शेणखत पसरण्याची रीत आहे. ती योग्य होय. पण ती वर्षातून एकदाच, आणि पुढे पाणी मिळण्याची खात्री असेल तेव्हाच.

यंत्र कोणते घ्यावे

गवत कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग ह्याने तयार केले व १८३० साली त्याचा एकाधिकार घेतला. कापडगिरण्यांत कापडावरील लव छाटणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. त्याच जातीचे यंत्र आजही मिळते. त्यात पिळाची पाच-सहा पाती असलेले रीळ फिरते आणि खालच्या स्थिर पात्याशी गवत येताच कात्रीप्रमाणे कापते. दुसऱ्या प्रकारात, ज्याला रोटरी म्हणतात, एकच आडवे पाते मोठ्या वेगाने फिरून गवताला फटका मारते. कात्रीने कापणे आणि काठीने सपकन् छाटणे ह्यांत जो फरक, तोच ह्या दोहोंत आहे.

बारीक पानाच्या, नियमाने कापल्या जाणाऱ्या हरळीसाठी रिळाचे यंत्र अधिक चांगले. काप स्वच्छ येतो, पानांची टोके फाटून पांढरी पडत नाहीत. हाताने ढकलावयाच्या यंत्रास वीज वा पेट्रोल लागत नाही. परंतु त्याला उंच गवत कापता येत नाही. काड्या रिळाखाली वाकून निसटतात. जमीन उंचसखल असेल, पाने जाड असतील किंवा कापणीस नेहमी उशीर होत असेल, तर रोटरी यंत्र बरे. ज्याच्याकडून दर आठवड्याला कापणी होणार नाही, त्याने रिळाचे यंत्र घेऊन अडगळीत ठेवण्यात अर्थ नाही.

रुंदीचा विचार हिशेबाने करावा. एका गुंठ्याचे, म्हणजे सुमारे १० मीटर लांब व १० मीटर रुंद हिरवळीचे उदाहरण घेऊ. ३० सेंटिमीटर रुंदीच्या यंत्राचे पट्टे ५ सेंटिमीटरांनी एकमेकांवर चढवावे लागतात. प्रत्येक फेरीत २५ सेंटिमीटर जागा कापली जाते. म्हणजे ४० फेऱ्या आणि ४०० मीटर चाल. ४० सेंटिमीटरच्या यंत्रास २९ फेऱ्या पुरतात, पण ते ढकलण्यास जड जाते. दोन-तीन गुंठ्यांपर्यंत हातयंत्र सुखाने चालते. त्यापुढे विजेचे, बॅटरीचे किंवा पेट्रोलचे यंत्र पाहावे. विकत घेण्यापूर्वी उंची कमी-जास्त करण्याची सोय पाहावी. पुष्कळ स्वस्त यंत्रांत ती अपुरी असते. सुटी पाती जवळच्या गावात मिळतात की नाही, हेही दुकानदारास विचारावे.

रोटरी यंत्राच्या पात्याखाली आलेला खडा किंवा तारेचा तुकडा गोळीसारखा उडतो व डोळा जाऊ शकतो. कापणीपूर्वी जमीन फिरून वेचून घ्यावी. मुलांना व जनावरांना दूर ठेवावे. अनवाणी किंवा चपला घालून काम करू नये. गवत अडकले तर विजेच्या यंत्राचा प्लग, पेट्रोल यंत्राच्या स्पार्क प्लगची वायर आणि बॅटरीच्या यंत्राची बॅटरी प्रथम काढावी, मगच हात घालावा. विजेची दोरी खांद्यावरून मागे ठेवावी व ओल्या गवतात यंत्र चालवू नये. पेट्रोल इंजिन निवल्यावर भरावे. उतारावर यंत्र आडवे चालवावे.

धार

रिळाच्या यंत्राची परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदाने होते. कागदाची पट्टी स्थिर पात्यावर धरून रीळ काळजीपूर्वक हाताने फिरवावे. पात्याच्या दोन्ही टोकांस व मध्येही ती सफाईने कापली गेली पाहिजे. दुमडली तर पाती लांब आहेत. स्क्रूने हलकेच जवळ आणावी. फार घट्ट केल्यास यंत्र जड होते व धार झिजते. धार थोडीच गेली असेल तर मोटार दुरुस्तीच्या कामात झडपा घासण्यासाठी लागणारी पेस्ट पात्यांना लावून रीळ उलट फिरवावे. रोटरीचे पाते काढून कानशीने घासावे व मध्यावर खिळ्याला अडकवून दोन्ही बाजू समतोल आहेत का पाहावे. एक बाजू जड राहिल्यास यंत्र थरथरते.

कापलेला पाला

एक तृतीयांश नियमाने कापलेले बारीक तुकडे हिरवळीवरच पडू द्यावे. ते लवकर कुजून त्यांतील नत्र गवताला परत मिळते. लांब व दाट पाला मात्र उचलावा, नाहीतर खालचे गवत गुदमरते. कीटकनाशक किंवा तणनाशक मारलेले नसेल व त्यात तेल सांडलेले नसेल तर तो ताजा असतानाच जनावरांस घालता येतो. ढिगात तापलेला घालू नये. खरवडणीत निघालेल्या काशा शेताच्या बांधावर टाकणे म्हणजे वैरिणीला आमंत्रण देणे होय. त्या वाळवून कंपोस्टच्या खड्ड्यात आतल्या बाजूस पुराव्या. लव्हाळा कापणीने मरत नाही; तो गाठींसह खुरप्याने खणून काढावा.

काम आटोपल्यावर यंत्रावरील ओला पाला ब्रशाने काढून पाती पुसावी, तेलाचा हात फिरवावा व यंत्र कोरड्या जागी, पाती जमिनीस न टेकतील अशा रीतीने ठेवावे.