कोवळ्या वयातील चिंता
(शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी पाठ)

वाचन : १ राजे १९:१-८

वर्गातले हसरे मूल एकाएकी अबोल झाले की आपण म्हणतो, "वयच तसे आहे." पण अमेरिकेतील रोनाल्ड केसलर यांच्या २००५ सालच्या पाहणीत आढळले की, आयुष्यात जडणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. बहुधा चिंता आधी येते, खिन्नता मागून. आपल्या देशातील २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण शेकडा ७.३ होते.

खुणा : शाळेच्या वेळी वरचेवर पोट दुखणे, झोप व भूक उडणे, चिडचिड, खेळ सोडणे. हे दोन आठवडे टिकले तर पालकांशी बोलावे, बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे. मूल मरणाची भाषा बोलले तर एक दिवसही थांबू नये.

"तुझी प्रार्थना कमी पडते," असे मुलाला म्हणू नये. एलीयाने मरण मागितले तेव्हा त्याला बोल लागला नाही. आधी भाकर, पाणी व झोप मिळाली.

विचारासाठी प्रश्न : आपल्या वर्गात हल्ली कोण गप्प असते? त्याचे आपण शेवटचे कधी ऐकून घेतले?