रिपोर्ट आला तरी ब्लॉक जपा

आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर म्हटलं की तंबाखू आठवते, आणि ते रास्तच आहे. पण त्यामुळेच तंबाखूला कधी हात न लावलेल्या माणसाच्या टाळूवरची गुळगुळीत, न दुखणारी गाठ दाताची समजली जाते, आणि मानेतली गाठ तपासणीआधीच टीबीची ठरते. कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीतल्या बहुतेक गाठी साध्या असतात. टाळूवरच्या इवल्या ग्रंथींचं मात्र उलट आहे. तिथल्या निम्म्याच्या आसपास गाठी कर्करोगाच्या निघतात. म्हणून तीन आठवड्यांत न बसलेली गाठ तज्ज्ञाला दाखवाच. कानापुढे गाठ आणि त्याच बाजूचा चेहरा लुळा पडू लागला, तर थांबूच नका.

माझा खरा आग्रह त्यापुढचा आहे. दुर्मिळ गाठीचा पहिला रिपोर्ट हा अंतिम निकाल मानू नका. लाळग्रंथीचा ‘सिक्रेटरी कार्सिनोमा’ वेगळा म्हणून ओळखला गेला तो 2010 मध्ये. त्याआधी अशा गाठींवर दुसऱ्याच प्रकारांची नावं लागत होती. आज जनुकाची तपासणी करून तो पक्का करता येतो, आणि पसरलेल्या आजारात त्या जनुकावर नेमकं चालणारं औषधही आहे. ज्या डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली असा नमुना वर्षानुवर्षं येत नाही, त्यांना तो ओळखू आला नाही तर त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून गाठीचा तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणातला ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या आणि मोठ्या केंद्रात फेरतपासणी करून घ्या. टाटा मेमोरियलमध्ये बाहेरचे ब्लॉक तपासणं रोजचंच काम आहे.

यात वेळ जातो, हे खरं. पण त्याच दिवसांत स्कॅन उरकता येतात, आणि घाईत चुकीची शस्त्रक्रिया झाली तर ती मागे घेता येत नाही. तपासणीसाठी सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही भीती मात्र सोडा. बारीक सुईने तसं होणं फारच विरळा. खरी सावधगिरी दुसरीकडे हवी. किशोरवयीन मुलाच्या नाकात गाठ असून एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल, किंवा मानेतली गाठ बोटाखाली ठोके देत असेल, तर स्कॅन झाल्याशिवाय तुकडा काढू देऊ नका. अशा गाठी रक्तवाहिन्यांनी भरलेल्या असतात आणि रक्तस्राव आवरणं कठीण जातं.

ब्लॉक नेताना त्यावरचा क्रमांक रिपोर्टशी ताडून पाहा, आणि उन्हात उभ्या गाडीत तो ठेवू नका. मेण मऊ पडतं.