बोटात रुतलेली अंगठी

यंदाच्या हळदीकुंकवाला आमच्या एका मैत्रिणीच्या बोटात अंगठी अडकली. चौघीजणी सिंकपाशी तिच्याभोवती गोळा झाल्या. एकीने साबण लावला, दुसरीने खोबरेल, आणि तिसरी नुसतीच ओढत होती! बोट आणखीच सुजलं. शेवटी साध्या दोऱ्याने अंगठी निघाली, पण "हे आम्हाला आधी कोणी सांगितलं कसं नाही?" असं सगळ्यांनी विचारलं आणि लेख लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी बरीच वर्षं इमर्जन्सी विभागात नर्स म्हणून काम केलं. तरी या विषयातला माझा सर्वांत मोठा धडा मला घरातच मिळाला, आणि तोही माझ्या चुकीमुळे.

७ आणि ८ जानेवारी १९९६ला न्यू जर्सीत जो बर्फ पडला, तो जुन्या मंडळींना आठवत असेल. सासूबाई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. बर्फ थांबल्यावर "जरा बघून तरी येते" म्हणून त्या पायरीवर गेल्या आणि घसरून डाव्या हातावर पडल्या. मी मनगट हलवून पाहिलं, बर्फाची पिशवी दिली, आल्याचा चहा केला. अनामिकेतल्या वेढ्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

त्यांचं मात्र गेलं होतं. वेढं लग्नातलं, १९६४ सालचं. मामंजी पुण्यात, नुकतेच हृदयविकाराच्या दुखण्यातून उठलेले. आता हे वेढं कापायला लागलं तर तो अपशकुन, या भीतीने त्यांनी रात्रभर हात शालीखाली लपवून ठेवला. त्यात जुना मधुमेह. बोटांची संवेदना मुळातच कमी झालेली, त्यामुळे दुखायला हवं होतं तेवढं दुखलंही नाही. सकाळी चहाचा कप उजव्या हाताने घेतला तेव्हा मला शंका आली. पाहते तर बोट टरारलेलं, टोक निळसर आणि गार.

असं का होतं ते समजून घ्या. बोटातून रक्त परत नेणाऱ्या शिरा नाजूक असतात, त्या आधी दबतात. रक्त आत आणणाऱ्या रोहिण्यांना जोर जास्त, त्या रक्त ढकलतच राहतात. म्हणजे येणारं येतंय आणि जाणारं अडलंय. त्यामुळे सूज वाढते, सूज वाढली की अंगठी आणखी काचते, आणि शेवटी येणारं रक्तही थांबतं. म्हणून हाताला मार लागला, भाजलं, मधमाशी चावली, की पहिलं काम त्या हातातल्या अंगठ्या काढण्याचं. बर्फ, चहा, फोन, सगळं त्यानंतर. मनगटाला लागलं असेल तर पाटल्या-बांगड्याही लगेच उतरवा.

रस्ते अजून मोकळे झाले नव्हते. पण आमचे शेजारी गावच्या व्हॉलंटियर फायर डिपार्टमेंटमध्ये होते. ते फायर हाऊसमधून अंगठी कापायचं यंत्र घेऊन गुडघाभर बर्फातून चालत आले. सासूबाईंनी हात मागे घेतला. "आधी पुण्याला फोन लाव." फोन लागला. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, बोट राहिलं तर दुसरं वेढं घालता येईल. काप म्हणावं त्यांना." मग त्यांनी हात पुढे केला.

हे यंत्र दिसतं डबे उघडायच्या ओपनरसारखं. एक पातळ पट्टी अंगठीखाली सरकवतात, तिच्यामुळे कातडीला इजा होत नाही. वरची बारीक दातेरी चकती चावीने फिरवत सोनं कापतात. कापल्यावर दोन पकडींनी अंगठी फाकवायची. आम्हाला वाटलं होतं त्याहून वेळ लागला, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. १९६३ साली मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी केली होती. आपलं नेहमीचं २२ कॅरेटचं सोनं ९१.६ टक्के शुद्ध आणि मऊ, तर १४ कॅरेटमध्ये सोनं ५८.५ टक्केच, बाकी तांब्यासारखे धातू, म्हणून ते कडक. सासूबाईंना इतकी वर्षं त्या वेढ्याचा कमीपणा वाटायचा. त्या दिवशी तर मोरारजींचा चांगलाच उद्धार झाला!

आता दोऱ्याची युक्ती. मात्र बोट बधिर, निळं किंवा पांढरं पडलं असेल, जखम असेल किंवा हाड मोडल्याची शंका असेल, तर घरी काहीही प्रयोग करू नका. तसं नसेल तर आधी हात छातीच्या वर धरून पाच-दहा मिनिटं बसा आणि गार पाण्यात बोट बुडवा. मग साबण किंवा व्हॅसलीन लावून अंगठी फिरवत फिरवत काढा. सरळ ओढू नका, ओढल्याने सांध्यावरची कातडी गोळा होते. (विंडेक्सही चालतं, सराफ वापरतात. पण कातडी सोललेली नको.)

तेवढ्याने जमलं नाही तर हातभर डेंटल फ्लॉस घ्या. एक टोक अंगठीखालून तळहाताकडे काढा आणि ते वीतभर मोकळं ठेवा. उरलेला फ्लॉस अंगठीला लागून सुरुवात करून नखाच्या दिशेने, फेऱ्याला फेरा चिकटवत, सांध्याच्या पलीकडे जाईपर्यंत घट्ट गुंडाळा. आता ते मोकळं टोक नखाकडे ओढत उलगडायला लागा. एकेक फेरा सुटतो तशी अंगठी पुढे सरकते. फ्लॉस बोटावर दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. दोनदा करून पाहा, तिसऱ्यांदा नको.

मग कापायचीच. पुष्कळ गावांत फायर स्टेशनवर हे यंत्र असतं, सराफाकडेही असतं. बोट निळं-गार असेल तर मात्र सरळ इमर्जन्सी गाठा. भारतातून आलेल्या आईवडिलांचा विमा नाही म्हणून थांबू नका. १९८६च्या फेडरल कायद्याप्रमाणे मेडिकेअर घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला पैशांचा विचार न करता तपासणी करून तातडीचे उपचार द्यावेच लागतात. बिल मागाहून येतं हे खरं, पण त्याबद्दल बोलणी करता येतात. अंगठी कशाची आहे ते दारातच सांगा. हल्ली मुलं टंगस्टनच्या अंगठ्या घालतात. त्या कापल्या जात नाहीत, पकडीने दाबून फोडाव्या लागतात. खडा असेल तर तळहाताच्या बाजूने कापायला सांगा. सोनं कुठे जात नाही, सराफ जोडून, वाढवून देतो.

गरोदर मुलींनी अंगठ्या काचायला लागायच्या आधीच काढून ठेवाव्यात. आणि हात-चेहरा एकाएकी सुजला, बरोबर डोकं दुखत असेल, तर तो अंगठीचा प्रश्न नव्हे. लगेच डॉक्टरांना फोन करा.

सासूबाईंच्या बोटाचं हाड चिरलं होतं, ते एक्स-रेत दिसलं. बोट वाचलं. वेढं मार्चमध्ये एडिसनला ओक ट्री रोडवर जोडून, दोन नंबर मोठं करून घेतलं. परत जाताना विमानात बसायच्या आधी त्यांनी ते स्वतःच काढून पर्समध्ये ठेवलं.