घड्याळ शून्यावर आलं की वजीरही कामाचा नाही

व्हिडिओत बुद्धिबळाचा जो डाव दाखवला, तोच इथे आकड्यांसकट लिहून देतोय. वही घेऊन बसा.

समजा, तालुक्याच्या क्लबमधले दोन साधारण खेळाडू आहेत. प्रत्येकाला १५ मिनिटं. पांढऱ्याने पहिल्या दहा चालींतच ११ मिनिटं घालवली. डाव देखणा लावला, समोरच्याचा हत्तीही मारला. पण पंचविसाव्या चालीला वेळ संपली. पटावर हत्ती जास्त, तरी हरला! समोरच्याला मात देणं शक्य असेल, तर वेळ संपणारा हरतो. नियमच तसा आहे.

हे नवख्यांचंच होतं असं नाही. २८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी. महिला विश्वचषकाच्या फायनलला आपल्या नागपूरची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हम्पी. मोठे दोन्ही डाव बरोबरीत. मग जलद डाव लागले. त्यातल्या दुसऱ्यात वेळेच्या ताणात हम्पीसारख्या मुरलेल्या खेळाडूच्या चाली चुकल्या अन् १९ वर्षांची दिव्या जिंकली.

धंद्यात हे घड्याळ म्हणजे खेळतं भांडवल. नाव बघा ना, 'खेळतं'!

आता आर्णीला फवारणी पंपाच्या सुट्या भागांचं दुकान टाकायचंय असं धरा. हाती ४ लाख. डिपॉझिट ६०,०००, फर्निचर आणि बोर्ड १,४०,०००, माल १,९०,०००. उरले १०,०००. दर महिन्याला भाडं ६,०००, पोऱ्याचा पगार ९,०००, कर्जाचा हप्ता ८,०००, लाईटबिल वगैरे १,५००. झाले २४,५००.

तुम्ही म्हणाल, सर, सीझनला माल तर उठतोच. उठतो की! पण जुलैतली उधारी कापूस विकल्यावर, दिवाळीच्या आसपास येते. तोवर रोखीच्या विक्रीतून महिन्याला १०,००० सुटले, तरी १४,५०० कमी पडतात. चार महिन्यांत ५८,०००. गेलेल्या मालाच्या जागी नवा भरायचा, ते वेगळंच. म्हणजे ऑगस्ट उजाडायच्या आधीच तुमचं घड्याळ शून्यावर, तेही दुकानात गर्दी असताना!

मला विचाराल तर काचेचं फर्निचर पहिल्या वर्षी नकोच. लोखंडी रॅक आणि साधा बोर्ड ६०,००० त बसवा. हातात ९०,००० राहतात. खड्डा भरून मालासाठी ३२,००० उरले.

तुमच्या गावात उधारी कोणत्या महिन्यात वसूल होते, हे आधी दोन जुन्या दुकानदारांना विचारून या. डिपॉझिटचं बोलणं त्यानंतर.