भैरवीनंतरचा हुंकार



तुझी गिटारची सहाही रेकॉर्डिंग्ज मिळाली. रात्री घर निजल्यावर मामाने ती हेडफोन लावून दोनदा ऐकली. हात तयार होतोय. चौथ्या तुकड्यात बाराव्या फ्रेटकडे सरकताना एक सूर किंचित थबकतो आणि मग पोचतो, तो अजून कानात आहे. ‘ही माझी ओरिजिनल म्हणता येतील का?’ असं तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर एका आंधळ्या गायकापासून सुरू होतं.

3 डिसेंबर 1927, टेक्सासमधलं डॅलस शहर. कोलंबिया कंपनीची माणसं रेकॉर्ड भरायला आली होती. त्यांच्यापुढे बसला होता रस्त्याच्या कडेला भक्तिगीतं गाऊन पोट भरणारा ब्लाइंड विली जॉन्सन. त्या दिवशी त्याने सहा गाणी भरली. त्यातलं एक ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’. हे नाव अठराव्या शतकातल्या एका ख्रिस्ती भजनातून आलेलं, पण जॉन्सनने भजनाचे शब्दच गाळले. उरला फक्त हुंकार आणि गिटारच्या तारेवरून घसरणारी स्लाइड. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये एकाने ओळ सांगायची आणि साऱ्यांनी ती लांबवून, कण्हल्यासारखी म्हणायची अशी रीत होती. आपल्याकडे बुवा पुढे म्हणतात आणि टाळकरी मागून उचलतात, तसंच काहीसं. जॉन्सन एकटाच बुवा झाला आणि एकटाच टाळकरी. घसा थांबतो तिथून गिटार उचलते, गिटार अडते तिथे घसा येतो. काही जागी तर कोण गातंय ते कळत नाही.

एवढं सारं सव्वातीन मिनिटांत. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर त्याहून फारसं मावायचंच नाही. तुझा सर्वांत छोटा तुकडा अकरा मिनिटांचा आहे, हे इथे लक्षात घे.

जॉन्सन 1945 साली टेक्सासमधल्याच बोमाँटमध्ये गरिबीत वारला. 1977 साली व्हॉयेजर अंतराळयानांवर पृथ्वीच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी चढवली, तिच्यात त्याचं हे गाणं घेतलं गेलं. त्या तबकडीवर त्याच्या लगेच आधी कोण आहे ठाऊक आहे? आपल्या केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी संपते आणि जॉन्सनचा हुंकार सुरू होतो. दोन्ही गाणी साडेतीन मिनिटांच्या आतबाहेरची, आणि दोन्हींत एकही सूर भरतीचा नाही. व्हॉयेजर 1 चं उड्डाण 5 सप्टेंबरला झालं आणि केसरबाई त्याच महिन्याच्या 16 तारखेला गेल्या. ती दोन्ही गाणी तू एकदा याच क्रमाने, मध्ये काहीही न लावता ऐक.

आता तुझ्या प्रश्नाकडे. कॅलिफोर्नियाचा राय कूडर हा बाटलीच्या काचेची स्लाइड बोटात घालून वाजवणारा गिटारिस्ट. 1970 साली त्याचा पहिला अल्बम आला, त्यात त्याने जॉन्सनची हीच चीज वाजवली. ती जॉन्सनचीच होती आणि तो तसंच सांगत होता. मग 1984 साली विम वेंडर्सच्या ‘पॅरिस, टेक्सास’ या चित्रपटाला त्याने संगीत दिलं. मुख्य सुरावटीचा पाया पुन्हा तोच. पण आता ती वाळवंटातून चालत येणाऱ्या, बोलणं सोडून दिलेल्या माणसाची झाली होती. दोन सुरांमध्ये इतकी मोकळी जागा ठेवायचं धैर्य आधीच्या रेकॉर्डमध्ये नव्हतं. मधली चौदा वर्षं ती सुरावट त्याच्या हातात मुरत होती. जॉन्सनचं ऋण लपवायची गरज त्याला कधी पडली नाही, आणि तरीही ते संगीत निःसंशय कूडरचं आहे.

तुझ्या पहिल्या तीन तुकड्यांत दुसऱ्यांच्या जागा आहेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अडचण इतकीच की त्या तुझ्याकडे अजून मुरलेल्या नाहीत. त्यातल्या एका जागेचीच संगत धर आणि वर्षभर ती सोडू नकोस.

‘वर्षभर एकच जागा? पण इम्प्रोव्हायझेशन म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं ना?’ असं तू म्हणशील. 1992 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे एका चॅपेलमध्ये कूडर आणि जयपूरचे विश्वमोहन भट्ट समोरासमोर बसले. पहिली भेट झाली आणि तासाभराच्या आत रेकॉर्डिंग सुरू. भट्टांच्या मांडीवर तरफेच्या तारा बसवलेली मोहनवीणा, तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी, आणि डुंबेक वाजवायला कूडरचा चौदा वर्षांचा मुलगा. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा अल्बम तिथे जन्मला, त्याला 1994 साली ग्रॅमी मिळालं. सरावाला वेळच नव्हता. पण भट्ट पंडित रविशंकरांकडे शिकलेले आणि कूडर पंचविसेक वर्षं स्लाइड हाती धरून होता. त्या तासाभराच्या मागे एवढी बैठक होती. नीट ऐकलंस तर जाणवेल, एकजण मींड घेतो तेव्हा दुसरा हात आवरून थांबतो.

आता हाताचं थोडं. स्लाइड फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर थांबव, तू ती अर्धा सेंटिमीटर मागेच ठेवतोस म्हणून सूर उतरलेला लागतो. स्लाइडच्या मागची बोटं तारांवर अलगद टेकव, ती किणकिण जाईल. सूर जागेवर बसण्याआधीच तू तो हलवतोस, आधी तो सरळ उभा राहू दे. रिव्हर्ब महिनाभर पूर्ण बंद. आणि वाजवण्याआधी गळ्याने म्हण, मोठ्याने. जे गळ्यातून निघत नाही ते तूर्त तारेवर नको.

मग फोनवर सव्वातीन मिनिटांचा गजर लाव आणि तेवढ्यातच एक तुकडा भर, एका दमात, जोड न लावता. बिघडला तरी पुसू नकोस, तारीख घालून ठेव.

दिवाळीत येताना गिटार आण. इथे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची जुनी तबकडी आहे. 1967 साली आपल्या भावगीतवाल्या जी. एन. जोशींनी ती एचएमव्हीसाठी काढली. शिवकुमारांचं संतूर आणि हरिप्रसादांची बासरी सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण तुला ब्रिजभूषण काब्रांची गिटार ऐकायची आहे. तबकडीवरच्या पहाडीत एके ठिकाणी ओरखडा आहे, सुई तिथे उडी मारते. ती जागा गळ्याने भरून काढायची, हा तुझा पहिला धडा. ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा