पोटखराब्यांतील भाजी व ती ओळखणारी बाई

सात-बाराच्या उताऱ्यांत 'पोटखराबा' म्हणून एक नोंद असते. ओढ्याकांठची दरड, खडकाळ तुकडा, झुडपी माळ, असें जें क्षेत्र नांगराखालीं येत नाहीं तें या नोंदींत पडतें, व लागवडीस अयोग्य म्हणून त्यावर आकार बसविलेला नसतो. आमची सारी नोकरी महसुली दप्तर लिहिण्यांत गेली. आकार नाहीं तेथें उत्पन्नहि नाहीं, असेंच खातेदार व कारकून दोघेहि धरून चालतात.

परंतु ज्या जमिनीपुढें पिकाचें नांव लिहिलें जात नाहीं, तेथून व बांधावरून गांवच्या बायका ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत घरची भाजी आणीत आल्या आहेत. सह्याद्रीच्या उतारावर, अकोले, जुन्नर, मुरबाड, जव्हार या तालुक्यांत, हें आजहि चालतें. सधन खातेदारांच्या घरांत मात्र भाजी बाजारांतून येऊं लागली व सुना-लेकींस बांधावरचें पान ओळखतां येईनासें झालें. ही विद्या बहुधा निंदणीस येणाऱ्या वडील बायकांपाशीं उरली आहे. त्यांच्याबरोबर ती नाहींशी होण्यापूर्वीं आपल्या घरांत कशी आणावी, हा या पाठाचा विषय होय.

पहिली गोष्ट ओळखीची. पहिल्या पावसानंतर बांधावर टाकळा उगवतो. त्याच्या पानास पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असून टोंकें बोथट व गोल असतात. त्याच्या शेजारींच कासविंदा वाढतो; त्याच्या जोड्या अधिक, चार ते सहा, व टोंकें अणकुचीदार असतात. हा भेद लहान दिसतो, पण लहान नाहीं. पश्चिम उत्तर प्रदेशांत लहान मुलांस होणारा एक प्राणघातक आजार कासविंद्याच्या बिया खाल्ल्यानें होतो, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय तपासणींतून पुढें आलें. म्हणून पुस्तकांतील चित्रावरून भाजी खुडूं नये. जाणत्या बाईनें झाड दाखवावें, शिकणारीनें तें तिच्यासमोर पुन्हा ओळखून दाखवावें, आणि शंका राहिल्यास तें पान टोपलींत पडूं नये.

दुसरी गोष्ट वेळेची व कृतीची. कुर्डू तुरा येण्यापूर्वीं कोंवळा असतांनाच घ्यावा. शेवळ पावसाच्या तोंडावर जमिनींतून वर येते. तिच्यांत चुन्याच्या एका क्षाराचे सुईसारखे स्फटिक असतात व त्यामुळें घसा खाजतो. याकरितां जाणत्या बायका तिच्यांत काकडाचीं आंबट फळें किंवा चिंच घालून ती चांगली शिजवितात. रानांतील कडू कंदाचें काम तर याहून अवघड. त्याच्या चकत्या करून राखेबरोबर उकडणें व वाहत्या पाण्यांत ठेवून कडूपणा काढणें, हें ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे त्यांच्यावांचून इतरांनीं करूं नये.

तिसरी गोष्ट राखण्याची. करटोलीचे नर वेल व मादी वेल निराळे असतात. फळ धरीत नाहीं म्हणून कित्येकजण नर वेल वांझ समजून उपटतात. पण नर वेल जवळ नसेल तर मादीसहि फळ लागत नाहीं. शिवाय वेल पावसाळ्यानंतर वाळला तरी खालचा कंद जिवंत राहतो व पुढील पावसांत फुटतो. फळ घ्यावें, कंदास हात लावूं नये. भाजीहि शेंडे खुडून घ्यावी, कांहीं झाडें बीं धरण्यास सोडावीं.

आतां खातेदाराचें काम. रुंद पानाचें तण मारणारें औषध टाकळा व कुर्डू यांस तण समजूनच मारतें. पिकांत फवारणी करावयाची कीं नाहीं हा ज्याचा त्याचा हिशेब. परंतु तोच पंप सहज बांधावर फिरविला जातो, आणि दोन दिवसांनीं कोणी बाई त्याच बांधावरची भाजी खुडून मुलांस खाऊं घालते. औषधाला रंग नाहीं, वास उडून जातो. तिला कळावें कसें? म्हणून बांध व पोटखराबा फवारणींतून वगळावा. जेथें फवारलें असेल तेथें निशाणी लावावी व निंदणीस येणाऱ्या बायकांस तोंडीं सांगावें.

शिकण्याची व्यवस्था सोपी आहे. मृगापासून दर आठवड्यास एक सकाळ घरच्या सुना-लेकींनीं अशा जाणत्या बाईबरोबर रानांत जावें. तिला त्या सकाळची मजुरी द्यावी, कारण ती शिकवीत आहे, फिरावयास आलेली नाहीं. आपल्या मुलींस हा निसर्गाचा सहवास व साध्या राहणीचा धडा वाटेल. तिच्या घरीं मात्र याच भाजीवर चूल चालत आली आहे, हें विसरूं नये. मुलींनीं एका वहींत झाडाचें गांवांतील नांव, जागा, महिना, घ्यावयाचा भाग व शिजविण्याची रीत लिहावी, आणि सांगणारीचें नांवहि लिहावें.

अक्षरओळख नाहीं म्हणून विद्या नाहीं, असें कोणी म्हणूं नये. अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या श्रीमती राहीबाई पोपेरे शाळेंत गेलेल्या नाहींत. तरी देशी बियाण्यांच्या संग्रहाबद्दल भारत सरकारनें त्यांस २०२० सालची पद्मश्री दिली. तशी जाणती बाई आपल्याहि गांवांत असेल.

पुढील पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक खातेदारानें आपला उतारा काढून पोटखराबा किती आहे तें पाहावें व त्या जागेवर एकदां घरच्या बायकांसह जावें. उताऱ्यावर तेथें पिकाचें नांव नसेल. वहींत मात्र पंधरा-वीस नांवें सहज भरतील.