एक्सएमएलपासून पीडीएफ : साधन निवडताना

कीड व्यवस्थापनाची शिफारस एक्सएमएल स्वरूपात साठविली असता पीक, कीड, कीटकनाशकाची मात्रा आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी या प्रत्येक घटकास स्वतंत्र ओळख मिळते. मात्र शेतकऱ्याच्या हाती पडते ती पीडीएफ. तीत तक्त्याची शीर्षओळ मागील पानावर राहिल्यास ‘प्रति लिटर’ व ‘प्रति हेक्टर’ यांतील भेद नजरेआड होऊ शकतो. म्हणून साधनाची निवड हा केवळ सजावटीचा प्रश्न नव्हे.

उपलब्ध मार्ग

१) एक्सएसएल-एफओ : वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ मध्ये शिफारस केलेली ही पृष्ठरचनेची भाषा आहे. अपाची एफओपी मुक्तस्रोत, तर अँटेना हाउस फॉरमॅटर सशुल्क आहे. तक्ता पुढील पानावर गेल्यास शीर्षओळ आपोआप पुन्हा छापली जाते. ही भाषा शिकण्यास मात्र वेळ लागतो.

२) एचटीएमएल व सीएसएस : संकेतस्थळाचे काम जाणणाऱ्यांस हा मार्ग सुलभ वाटतो. वीझीप्रिंट मुक्तस्रोत आहे; प्रिन्सच्या व्यावसायिक वापरासाठी परवाना घ्यावा लागतो.

३) लॅटेक : गणिती सूत्रे असलेल्या शोधनिबंधांसाठी उत्तम. अनेक पानांच्या तक्त्यांसाठी मात्र वेगळी तरतूद करावी लागते.

निवडीची कसोटी

साधनाची परीक्षा सोप्या पानावर न घेता सर्वांत अवघड पानावर घ्यावी. उदाहरणार्थ, २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेल्या अमेरिकन लष्करी अळीवरील मका पिकाचा सल्ला घेऊन पुढील बाबी तपासाव्यात :

• ‘प्रादुर्भाव’, ‘पोंग्यातील’, ‘तुऱ्यावरील’ या शब्दांतील रफार व जोडाक्षरे अचूक उमटतात काय? जोडाक्षरे जुळविण्यास साधनाचे साहाय्य आणि योग्य युनिकोड फॉन्ट, दोन्ही आवश्यक असतात.
• मात्रेचा आकडा व त्याचे एकक एकाच ओळीत राहतात काय?
• शीर्षओळ प्रत्येक पानावर येते काय?
• शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत दिसते काय?
• फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत आहे काय, आणि ‘मात्रा’ हा शब्द शोधल्यास सापडतो काय?

या कसोटीस उतरणाऱ्या साधनांपैकी संस्थेतील मनुष्यबळास जे दीर्घकाळ सांभाळता येईल, ते निवडावे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : मात्रा बदलल्यास दुरुस्ती पीडीएफमध्ये न करता मूळ एक्सएमएलमध्ये करावी आणि पीडीएफ नव्याने तयार करावी. अन्यथा एकाच शिफारशीच्या दोन परस्परविरोधी प्रती शिवारात पोहोचतील.